न्यूयॉर्कची शिंपी आळी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या जुन्या गावांची रचना आठवून पाहा. तांबट आळी, बुरूड आळी, कासार आळी, शिंपी आळी. एका धंद्याची माणसे एकाच आळीत राहत आणि तिथेच काम करीत. गिऱ्हाईक मिळवताना ती एकमेकांची स्पर्धक असत, पण एखादे हत्यार मोडले, माल कमी पडला किंवा हात अपुरे पडले, की शेजारच्याच दारात जायची सोय असे. यंत्रे आली आणि अशा आळ्यांची गरज संपली, असे आपण सहज म्हणून जातो. आज ज्या शिंपी आळीची हकिकत मी सांगणार आहे, ती मात्र यंत्रयुगातच जन्माला आली, आणि तीही गगनचुंबी इमारतींच्या न्यूयॉर्क शहरात.

या भागाला तिथे ‘गारमेंट डिस्ट्रिक्ट’ म्हणतात. मॅनहॅटन बेटाच्या मध्यावर, साधारण ३४व्या ते ४०व्या रस्त्यादरम्यान, पाचव्या आणि नवव्या अ‍ॅव्हेन्यूच्या मध्ये हा पट्टा येतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चालत जायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. १९५०च्या सुमारास न्यूयॉर्क शहरात कपड्यांच्या धंद्यात तीन लाखांहून अधिक माणसे काम करीत होती आणि त्या धंद्याचे काळीज या पंधरा-वीस मिनिटांच्या टापूत होते. मी कापडाच्या धंद्यातला माणूस नाही. पण मी मुंबईच्या गिरणगावात वाढलो. एखाद्या धंद्याने अख्खी वस्ती कशी घडते आणि तो धंदा उठला की तिचे काय होते, हे जवळून पाहिल्यामुळे या परक्या आळीचा इतिहास मला परका वाटत नाही.

तयार कपडा ही आज आपल्याला साधी गोष्ट वाटते. दोनशे वर्षांपूर्वी तशी ती नव्हती. ज्याच्याकडे पैसा होता तो शिंप्याकडे माप देई, ज्याच्याकडे नव्हता त्याच्या घरची बाई हाताने शिवी. न्यूयॉर्कमध्ये सुरुवातीला तयार कपडे शिवले जात ते बंदरावरच्या खलाशांसाठी आणि दक्षिणेकडच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांसाठी. म्हणजे ज्यांचे माप घ्यायची कोणाला गरज वाटत नव्हती, अशांसाठी. १८४६मध्ये इलायस हाऊ यांनी आणि १८५१मध्ये आयझॅक सिंगर यांनी शिवणयंत्राची पेटंटे घेतली. आपल्या आजीच्या घरी पायाने चालवायचे जे काळे, सोनेरी वेलबुट्टीचे मशीन असे, ते याच सिंगरचे. त्यानंतर १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि लाखो सैनिकांना गणवेश लागले. इतक्या माणसांची मापे घेतल्यावर एक गोष्ट ध्यानात आली, की माणसे वेगवेगळी असली तरी छाती-कमरेची ठरावीक मापे पुन्हा पुन्हा येतात. तयार कपड्यांचे आजचे ‘साइज’ या हिशेबातून पुढे आले.

याच युद्धाचा दुसरा धागा आपल्या मुंबईत येतो. अमेरिकेचा कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे तोंड वळवले, मुंबईत पैशाचा पूर आला, सट्ट्याला ऊत आला आणि १८६५मध्ये युद्ध संपताच अनेक पेढ्या बुडाल्या. एकाच लढाईने मुंबईचा कापूसबाजार वर चढवून खाली आपटला आणि न्यूयॉर्कचा शिवणधंदा उभा केला.

शिवायला हात कोठून आले? १८८१नंतर रशियन साम्राज्यात ज्यूंवर हल्ले होऊ लागले. तिथून जीव मुठीत धरून निघालेली माणसे न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरली. पाठोपाठ दक्षिण इटलीतून गरिबीने हुसकावलेले लोक आले. भाषा येत नव्हती, भांडवल नव्हते, पण सुई धरता येत होती. लोअर ईस्ट साइड या भागातल्या चाळींमध्ये एकेका खोलीत मशीन, इस्त्रीची शेगडी आणि बिऱ्हाड एकत्र नांदू लागले. मोठ्या व्यापाऱ्याकडून कापलेल्या कापडाची गाठोडी मुकादम घेऊन येई आणि नगावर मजुरी ठरवी. त्याचा नफा शिवणाऱ्याच्या घामातूनच निघे, म्हणून इंग्रजीत अशा जागांना घामावरूनच नाव पडले, ‘स्वेटशॉप’. जेकब रीस या पत्रकाराने १८९०मध्ये या वस्तीवर पुस्तक लिहिले, तेव्हा शहराच्या सुखवस्तू भागाला आपला कोट कोठे शिवला जातो, हे कळले. याच कोंदट खोल्यांत काम करणारा मॉरिस रोझेनफेल्ड हा शिंपी यिडिश भाषेतला मोठा कवी झाला. ज्या महाराष्ट्रात नामदेव शिंप्याचे अभंग सातशे वर्षे गायले जातात, तिथल्या श्रोत्यांना याचे नवल वाटायला नको. हा धंदा स्वतःला ‘श्माटे’चा धंदा म्हणवून घेई. यिडिशमध्ये ‘श्माटे’ म्हणजे चिंधी.

विसाव्या शतकाच्या आरंभी चाळींतले काम उंच इमारतींच्या मजल्यांवर गेले. प्रकाश आणि वीज मिळाली, पण शिस्त तुरुंगासारखी झाली. उशीर झाला की दंड, सुई मोडली की दंड. १९००मध्ये बायकांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांची आंतरराष्ट्रीय युनियन स्थापन झाली होती, पण तिचा जोर बेताचा होता. २२ नोव्हेंबर १९०९ला कूपर युनियनच्या सभागृहात सभा भरली. पुढारी लांबलचक भाषणे करीत होते. तेवीस वर्षांची क्लारा लेमलिख उठली, व्यासपीठाकडे गेली आणि भाषणे पुरे, आता संप, असे तिने यिडिशमध्ये सांगितले. वीस हजार कामगार रस्त्यावर आले आणि त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. अनेक कारखान्यांनी तडजोड केली. वॉशिंग्टन चौकाजवळच्या ‘ट्रँगल’ कंपनीने मात्र युनियनला मान्यता दिली नाही.

२५ मार्च १९११, शनिवार. सुटीची वेळ होत आली असताना ट्रँगलच्या आठव्या मजल्यावर कापडाच्या तुकड्यांना आग लागली आणि बघता बघता वरच्या दोन्ही मजल्यांवर पसरली. नवव्या मजल्यावरचे एक दार कुलूपबंद होते. कामगारांनी माल चोरून नेऊ नये आणि लवकर निघू नये, यासाठी. अग्निशमन दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होती. १४६ जण मेले, त्यांत १२३ बायका आणि मुली. कित्येकींनी खिडकीतून उड्या घेतल्या. खटला चालला आणि मालक निर्दोष सुटले. पण त्या दिवशी खाली रस्त्यावर उभी राहून फ्रान्सिस पर्किन्स नावाची तरुण स्त्री हे पाहत होती. पुढच्या काही वर्षांत न्यूयॉर्क राज्याने कारखान्यांच्या सुरक्षिततेचे जे कायदे केले, त्यांत तिचा मोठा वाटा होता. १९३३मध्ये ती अमेरिकेची मजूरमंत्री झाली. अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली ती पहिली स्त्री.

एवढे झाले तरी आपण ज्या आळीबद्दल बोलत आहोत, ती अजून जन्मलेली नव्हती. कारखाने दक्षिणेकडून वर सरकत पाचव्या अ‍ॅव्हेन्यूच्या आसपास आले होते. तिथे श्रीमंतांची मोठी दुकाने होती. दुपारच्या सुटीत हजारो शिवणकामगार फुटपाथवर उतरत, गप्पा मारत उभे राहत. दुकानदारांना वाटू लागले, की या गर्दीमुळे आपली उंची गिऱ्हाइके यायची बंद होतील. गंमत अशी, की दुकानांच्या काचेआड मांडलेले झगे याच गर्दीने शिवलेले होते. १९१६मध्ये व्यापाऱ्यांनी ‘न्यूयॉर्क वाचवा’ अशी मोहीम वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन चालवली. त्याच वर्षी जुलैत शहराने कोणत्या भागात काय बांधावे, कोणता धंदा कोठे चालावा, याचा नियम केला. अशा प्रकारचा संपूर्ण शहराला लागू होणारा हा अमेरिकेतला पहिला नियम मानतात.

शिवणधंद्याला नव्या जागेकडे सरकणे भाग पडले. पश्चिमेला सातव्या अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूला जुगार आणि वेश्यागृहांसाठी बदनाम असलेला भाग होता, जमीन तुलनेने स्वस्त होती. शिवाय पेन्सिल्व्हेनिया रेल्वेचे भव्य स्थानक १९१०मध्ये तिथेच उघडले होते आणि मेसीजचे प्रचंड दुकान १९०२पासून ३४व्या रस्त्यावर होते. गावोगावचे दुकानदार गाडीतून उतरले, की पायी चालत येऊन मालाची मागणी नोंदवू शकत. १९२१मध्ये कपडे उत्पादकांनी एकत्र येऊन बांधलेल्या दोन मोठ्या इमारती सातव्या अ‍ॅव्हेन्यूवर उभ्या राहिल्या आणि पुढच्या दहा वर्षांत आजूबाजूचा परिसर भरून गेला. नव्या नियमानुसार इमारत जसजशी वर जाईल तसतशी आत सरकवावी लागे, म्हणजे खालच्या रस्त्याला ऊन-वारा मिळे. त्यामुळे इथल्या इमारती आपल्या स्वयंपाकघरातल्या उतरंडीसारख्या दिसतात, खाली रुंद आणि वर निमुळत्या. ज्यांना नजरेआड करायचे होते, त्यांनीच जगातली सर्वांत गजबजलेली शिंपी आळी वसवली.

या आळीचे गुपित काय होते? एकही मोठा कारखाना नाही, हे. एक झगा बाजारात यायचा तर किती हात लागतात पाहा. एक जण रेखाटन करतो. दुसरा त्यावरून कागदी नमुना बेततो. नमुना शिवणारी कसबी बाई पहिला झगा साध्या मांजरपाटासारख्या कापडात उभा करते. मग लहान-मोठ्या मापांचे कागद तयार होतात. लांब टेबलावर कापडाचे थरावर थर अंथरून कटर विजेच्या सुरीने ते एकदम कापतो. इथे सूतभर चूक झाली तर शेकडो झगे वाया जातात, म्हणून कटर हा या धंद्यातला मानकरी. मग शिवण, काजे, बटणे, अस्तर, इस्त्री. यातले प्रत्येक काम करणारा वेगळा, त्याचे दुकान वेगळे, आणि ही सगळी दुकाने एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. बटणवाला दुसऱ्या मजल्यावर, झालरवाला रस्त्यापलीकडे, नुसत्या चुण्या घालणारा पुढच्या इमारतीत. चाकांच्या दांड्यांवर शेकडो कपडे टांगून ते ढकलत नेणारी पोरे रस्त्यांतून धावत असत. सकाळी आलेली कल्पना संध्याकाळी झगा होऊन टांगलेली दिसे. फॅशनच्या धंद्यात आठवड्याचा उशीर म्हणजे हंगाम बुडाला. त्यामुळे दोन खोल्यांचे भाडे आणि थोडी उधारी एवढ्या बळावरही माणूस इथे धंदा सुरू करू शकत असे. मशीन नाही, कटर नाही, काही हरकत नाही. आळी आहे.

काही वर्षांपूर्वी न्यूयॉर्कला मुक्काम असताना मी या भागात बरेच फिरलो. एका इमारतीत चुण्या घालण्याचे काम पाहिले. जाड कागदाचे दोन साचे असतात, घडीवर घडी पाडलेले. दोन माणसे समोरासमोर उभी राहून त्यांच्यामध्ये कापड अंथरतात, साचा हळूहळू मिटवतात, गुंडाळून दोरीने बांधतात आणि वाफेच्या कपाटात ठेवतात. बाहेर काढून थंड झाल्यावर उघडले, की कापडावर कायमची चुणी. दोघांच्या हातांची लय जमली नाही, तर कापड तिरके जाते. हे सगळे ते एक अक्षर न बोलता करीत होते. असे काम पुस्तकातून येत नाही. ते शेजारी उभे राहूनच शिकावे लागते.

कामगारांनीही या जवळिकीचा उपयोग करून घेतला. कारखाने लहान असले तरी सगळे एकाच रस्त्यावर, त्यामुळे संपाची हाक तासाभरात सर्वत्र पोचे. १९३३च्या मंदीत साठ हजार झगेकामगारांनी संप केला आणि युनियन पुन्हा बळकट झाली. डेव्हिड डुबिन्स्की १९३२ ते १९६६ असे चौतीस वर्षे तिचे अध्यक्ष होते. या युनियनने १९३७मध्ये ‘पिन्स अँड नीडल्स’ नावाचे संगीत नाटक काढले. त्यात काम करणारे कटर, शिवणवाल्या, इस्त्रीवाले होते, दिवसा मशीन आणि रात्री तालीम. नाटकाचे अकराशेंहून अधिक प्रयोग झाले. लालबाग-परळच्या कामगार रंगभूमीची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. पुढे युनियनने आपल्या पैशातून जवळच ‘पेन साउथ’ ही २८२० घरांची सहकारी वसाहत उभारली. १९६२मध्ये तिच्या समारंभाला अध्यक्ष केनेडी आले होते. कामगाराने पायी कामाला जावे, हा त्यामागचा विचार. ही वसाहत आजही सहकारी तत्त्वावरच चालते.

सगळेच चित्र उजळ नव्हते. माल वाहून नेणाऱ्या ट्रकांवर अनेक दशके गुंडांच्या टोळ्यांचा ताबा होता. प्रत्येक झग्याच्या किमतीत त्यांचा हप्ता धरलेला असे. १९९२मध्ये गॅम्बिनो बंधूंनी न्यायालयात गुन्हा कबूल करून एक कोटी वीस लाख डॉलर दंड भरला आणि या धंद्यातून अंग काढून घेतले, तेव्हा ही पकड ढिली झाली.

फॅशनच्या दृष्टीने ही आळी बराच काळ पॅरिसची नक्कल करण्यातच धन्यता मानत होती. जून १९४०मध्ये पॅरिस जर्मनांच्या हाती पडले आणि नक्कल करायला नमुनाच उरला नाही. मग अमेरिकन शिवणाऱ्यांनी आपल्याच बायकांकडे नीट पाहिले. क्लेअर मॅकार्डेल यांनी १९४२मध्ये जाड सुती कापडाचा, मोठा खिसा असलेला, घरकामालाही चालेल आणि पाहुणे आले तरी शोभेल असा झगा काढला. किंमत सात डॉलरच्याही आत. काम करणाऱ्या बाईला वावरता यावे आणि तिला खिसा असावा, ही या आळीची जगाला मिळालेली मोठी देणगी आहे, असे मला वाटते. १९७२मध्ये सातव्या अ‍ॅव्हेन्यूला ‘फॅशन अ‍ॅव्हेन्यू’ असे दुसरे नाव देण्यात आले.

नाव मिळाले तेव्हा उतरण सुरू झाली होती. शिवणकाम आधी शेजारच्या राज्यांत, मग दक्षिणेकडे आणि मग समुद्रापार गेले. १९६०च्या सुमारास अमेरिकेत विकला जाणारा जवळपास सगळा कपडा अमेरिकेत शिवलेला असे. आज शंभरातले दोन-तीन कपडे. ज्यू आणि इटालियन कामगारांची मुले शिकून दुसरीकडे गेली. त्यांच्या जागी पोर्तो रिकोचे, कृष्णवर्णीय, मग चिनी, कोरियन आणि लॅटिन अमेरिकेतले कामगार बसले. १९८२च्या उन्हाळ्यात चायनाटाउनमधल्या सुमारे वीस हजार शिवणकामगारांनी, मुख्यतः चिनी बायकांनी, संप करून करार पदरात पाडून घेतला. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईत अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले होते. त्या संपाचा शेवट काय झाला, हे मी वेगळे सांगायला नको.

जमिनीचा भाव हा अशा वस्तीचा खरा शत्रू. शिवणकामापेक्षा कचेरीचे भाडे कितीतरी जास्त येते. हे ओळखून न्यूयॉर्कने १९८७मध्ये नियम केला, की इथल्या आडरस्त्यांवर जागा कचेरीसाठी बदलायची तर तेवढीच जागा कारखान्यांसाठी राखावी लागेल. नियम कागदावर राहिला, अंमल ढिला झाला, तरी त्याने धंद्याला थोडी उसंत दिली. डिसेंबर २०१८मध्ये तो उठवून त्याजागी करसवलतींची योजना आली. २०२५मध्ये या परिसरात निवासी इमारतींनाही मोठ्या प्रमाणात मुभा देण्यात आली. शहराला घरांची गरज आहे, हेही खरेच. गिरण्यांच्या जमिनींबाबत १९९१चा आणि मग २००१चा नियम आपण पाहिला आहे. चिमण्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. पण एक फरक आहे. गिरणी बंद पडली तर एक फाटक बंद होते आणि सगळ्यांना दिसते. शिंपी आळी मात्र टाका टाका उसवावा तशी उसवते. आज चुण्यावाला गेला, उद्या काजवाला. मग उरलेल्या डिझायनरला कळते, की आपल्याकडे कल्पना आहे, पण ती अंगावर चढवणारे कोणी नाही.

आणि काम गेले, तिथे काय झाले? नोव्हेंबर २०१२मध्ये ढाक्याजवळच्या एका कपडे-कारखान्याला आग लागून शंभराहून अधिक कामगार गेले. तिथेही बाहेर पडायचे मार्ग कुलूपबंद होते. पुढच्या एप्रिलमध्ये राणा प्लाझा कोसळून अकराशेंहून अधिक माणसे मेली. न्यूयॉर्कच्या मुलींनी आपल्या जिवाची किंमत देऊन जे कुलूप तोडले होते, ते दुसऱ्या देशातल्या मुलींच्या दाराला लावून काम स्वस्त झाले. आपल्या अंगावरचा स्वस्त शर्ट या हिशेबातून सुटत नाही.

आज त्या आळीत शिवणकाम करणारे काही हजारच उरले आहेत. पण २०२०मध्ये महासाथ आली, रुग्णालयांत डॉक्टरांना घालायला झगे मिळेनात आणि परदेशातून माल येईना, तेव्हा याच आळीतल्या कारखान्यांनी मुखपट्ट्या आणि संरक्षक झगे शिवून दिले. हात शाबूत होते म्हणून ते जमले. सातव्या अ‍ॅव्हेन्यूवर १९८४मध्ये उभारलेला एक ब्राँझचा पुतळा आहे. त्या पुतळ्याला ना घोडा, ना तलवार. डोक्यावर टोपी घातलेला एक ज्यू शिंपी मशीनवर वाकून शिवतो आहे. शिल्पकार जुडिथ वेलर यांनी आपल्या वडिलांवरून तो घडवला. पुतळे उभारणे शहरांना सोपे असते. त्या मशीनवर बसणाऱ्या पुढच्या माणसाला परवडेल असे भाडे, आत-बाहेर उघडणारे दार आणि शेजारी बटणवाला, एवढे राखणे अवघड असते. आळी म्हणजे तेवढेच असते.